स्प्रिंग टाकली, गोळ्यांचं काय?

तालुक्याच्या गावात औषधाचं दुकान चालवताना कोणाच्या हृदयात काय बसवलंय, हे चिठ्ठीवरून कळतंच. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल जोडीने लिहिलेलं दिसलं की बहुधा गडी अँजिओप्लास्टी करून आलेला असतो. सुरुवातीला तारीख चुकत नाही. मग ‘अख्खी पट्टी नको, पाचच द्या’ सुरू होतं. पुढे नुसती ॲसिडिटीची गोळी नेतात. विचारलं तर उत्तर ठरलेलं : “अहो, स्प्रिंग टाकलीय की! आता कशाला?”

फुग्याने हृदयाची रक्तवाहिनी उघडण्याचं काम आंद्रियास ग्रुंट्झिग यांनी १९७७मध्ये झुरिकला पहिल्यांदा केलं. उघडलेली जागा पुन्हा आवळायची, म्हणून १९८६मध्ये जाळी, म्हणजे स्टेंट (लोकांच्या भाषेत स्प्रिंग), आली. जाळीत पेशी वाढून ब्लॉकेज परतायचं, म्हणून तिला औषधाचा लेप आला. या लेपाने वाढ रोखली, पण जाळीवर आतलं अस्तर धरायलाही वेळ लागू लागला. तोवर त्या धातूवर रक्ताची गुठळी होऊ शकते. गोळ्या त्यासाठी असतात : झटका येऊन गेला असेल तर दोन्ही साधारण वर्षभर, नसेल तर बहुतेकदा सहा महिने. नेमकी मुदत डॉक्टर ठरवणार.

गेल्या दिवाळीत एका शेतकऱ्याने दाढ काढायची म्हणून दोन्ही गोळ्या आपल्या मनानेच बंद केल्या होत्या. स्टेंट बसवून तीन महिनेही झाले नव्हते. काउंटरवरूनच त्याच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, गोळ्या आत्ताच सुरू करा, दाढेचं मी दाताच्या डॉक्टरांशी बोलतो. त्याचं डिस्चार्ज कार्ड चार पानी, सगळं इंग्रजीत, औषधांपुढे एकच शब्द : ‘कंटिन्यू’. कधीपर्यंत?

२०१७मध्ये सरकारने लेपाच्या स्टेंटची कमाल किंमत कर वगळून २९,६०० रुपये केली, बिलावर स्टेंटची कंपनी आणि किंमत वेगळी दाखवायला लावली. चांगलंच केलं. आता आणखी एक कागद सक्तीचा करा. मराठीत, ठळक अक्षरात : स्टेंट कधी बसवला, कोणती गोळी कोणत्या महिन्यापर्यंत, बंद करण्याआधी कोणाला फोन करायचा. सुरुवात महात्मा फुले जन आरोग्य योजनेपासून करावी. या कार्डाची रुग्णाने सही केलेली प्रत जोडली नसेल, तर रुग्णालयाचा क्लेम अडवावा. आठवड्याभरात कार्डं छापून येतील.