शेवटच्या पानावर सगळं ठीक करायची सक्ती कोणी केली?

मराठी कुमारकथेत मित्राला दोनच कामं असतात. नायकाबरोबर साहसाला जायचं, नाहीतर नायकाला काहीतरी शिकवायचं. तो आजारी पडू शकतो, पण मग वर्गाने वर्गणी काढून त्याचं ऑपरेशन यशस्वी करायलाच हवं. तो गरीब असू शकतो, मात्र मग हुशार असणं सक्तीचं. नवीन शाळेत आलेल्या मुलीला पहिल्या दोन पानांत मुलं चिडवतात, पाचव्या पानावर वक्तृत्व स्पर्धा जाहीर होते, आठव्या पानावर टाळ्यांचा कडकडाट. चिडवणाऱ्या मुलांचे डोळे पाणावतात. मुख्याध्यापक चष्मा पुसतात. संपलं.

अपवाद आहेत, आणि ते लिहिणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. माझं भांडण साच्याशी आहे. बारा ते सोळा वर्षांच्या वाचकासाठी लिहायला बसलं की आपला लेखक खिशातून हाच साचा काढतो, संपादक तो तपासून घेतो आणि आई-वडील पैसे देतात. ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय तो मुलगा पुस्तक बाजूला ठेवतो आणि फोन उचलतो. मग आपण परिसंवाद भरवतो : ‘मुलं मराठी का वाचत नाहीत?’

या साच्यात एका गोष्टीला जागा नाही. आयुष्य अचानक बदलतं, त्यात मैत्री तुटते आणि ती परत जोडली जात नाही, ही ती गोष्ट. भांडण होऊन तुटलेली मैत्री साच्याला चालते, कारण भांडण मिटवता येतं. कोणाचीच चूक नसताना जी मैत्री संपते, तिचं काय करायचं हे त्याला कळत नाही. बोध कोणाला द्यायचा?

तुमच्यापैकी काही जण मार्च २०२० मध्ये दहावीला असाल. तुमचा भूगोलाचा पेपर २३ मार्चला होता. तो आधी पुढे ढकलला आणि नंतर रद्दच झाला. मोठ्यांच्या लेखी हा गुणांचा प्रश्न होता, भूगोलाला मार्क कसे द्यायचे एवढाच. पण शेवटचा पेपर संपल्यावरची दुपार ही वेगळी चीज असते. एकमेकांच्या शर्टावर सह्या करायच्या, गेटबाहेर रेंगाळायचं, ज्याच्याशी दोन वर्षं बोललो नाही त्याच्याशी उगाचच बोलायचं. ती दुपार एका अख्ख्या बॅचला मिळाली नाही. आधीचा पेपर देऊन घरी गेलेल्यांना ठाऊकच नव्हतं की तोच शेवटचा आहे. पुढे कोणी गावी गेलं, कोणाच्या वडिलांचं काम सुटलं, कोणाचे वडीलच गेले. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘सो सॉरी’ आणि हात जोडलेली इमोजी टाकली की आपल्याकडचे शब्द संपत.

याहून जुनं आणि दरवर्षी घडणारं उदाहरण बीडकडचं आहे. मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबं दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला निघतात, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. ज्यांना गावी सांभाळायला कोणी नसतं ती मुलंही बरोबर जातात आणि कारखान्याजवळच्या कोप्यांमध्ये राहतात. हंगाम उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो. या स्थलांतरावर अहवाल आहेत, बातम्या आहेत, साखरशाळांवर चर्चा आहे. ‘शिक्षणाचं नुकसान’ हा शब्दप्रयोग त्यात वारंवार येतो, आणि तो खराच आहे. पण बाकावर शेजारी बसणारा निघून गेला म्हणून चार-पाच महिने एकटा बसणारा जो आहे, त्याचं कोणतं नुकसान झालं? ते कोणत्या रकान्यात भरायचं? ते अहवालात मावत नाही. गोष्टीत मावतं. गोष्ट असते कशाला मग?

आता एक परक्या मुलखातलं पुस्तक. कॅथरिन पॅटरसन या अमेरिकन लेखिकेची ‘ब्रिज टू टेराबिथिया’ ही कादंबरी १९७७ ची. २००७ चा सिनेमा तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. जेस हा व्हर्जिनियातल्या खेड्यातला, बहिणींच्या गराड्यातला मुलगा. पाचवीत सगळ्यांत वेगाने धावायचं हे त्याचं स्वप्न, आणि त्यासाठी त्याने सुट्टीभर सराव केलेला. शाळा सुरू होते आणि शेजारी नवीन राहायला आलेली लेस्ली त्याला आणि सगळ्या मुलांना शर्यतीत हरवते. त्यांची मैत्री होते. ओढ्यापलीकडच्या रानात दोघं आपलं एक राज्य उभं करतात. झाडाला बांधलेल्या दोराला लोंबकळून पलीकडे जायचं. एके दिवशी जेस संगीताच्या बाईंबरोबर वॉशिंग्टनला संग्रहालय बघायला जातो. लेस्लीलाही बोलवावं, हे त्याच्या लक्षात येतं तेव्हा उशीर झालेला असतो, आणि खरं सांगायचं तर त्याला त्याचं फारसं वाईटही वाटत नाही. त्याच दिवशी दोर तुटतो आणि लेस्ली मरते.

मृत्यूचा प्रसंग पुस्तकात दाखवलेलाच नाही. आपण जेसबरोबर आनंदात घरी परततो आणि घरचे सगळे चेहरे आपल्याकडे वळलेले दिसतात. पुढची पानं मला आजही हादरवतात, कारण जेस ‘शहाण्या मुला’सारखं दुःख करत नाही. तो मानायलाच तयार होत नाही. तो भरपेट खातो. आता वर्गात आपणच सगळ्यांत वेगवान, असाही विचार त्याच्या मनात येऊन जातो. लेस्लीचाच त्याला राग येतो. आपल्या साच्यातल्या कोणत्या मुलाला असा विचार करायची परवानगी आहे? आपल्या संपादकाने ते वाक्य पहिल्या वाचनातच लाल केलं असतं : ‘मुलांवर चुकीचा संस्कार होईल.’

आणि जवळचं माणूस गेल्यावर मुलांच्या मनात नेमके असेच विचार येतात. आपण भूक लागली म्हणून जेवलो, दुपारी कार्टून बघून हसलो, याची लाज घेऊन ती वर्षानुवर्षं जगतात. ‘मी एकटाच असा वाईट आहे का?’ हा प्रश्न आईला विचारता येत नाही, समुपदेशकाला तर त्याहून नाही. पुस्तकात दुसरा एक मुलगा तसाच भेटला, तर विचारावा लागत नाही.

पॅटरसनबाईंनी हे हवेतून काढलेलं नाही. त्यांच्या मुलाची आठ वर्षांची मैत्रीण वीज पडून गेली होती. त्या मुलाला हे कसं समजावून सांगायचं ते त्यांना कळेना, आणि त्यातून पुस्तक आलं. पुढे मोठ्या झालेल्या त्याच मुलाने सिनेमाच्या पटकथालेखनात भाग घेतला. कादंबरीला १९७८ चं न्यूबेरी पदक मिळालं. पण अमेरिकेतल्या पालकांनीही आरडाओरडा केलाच. १९९० च्या दशकात तिथे सर्वाधिक आक्षेप घेतल्या गेलेल्या पुस्तकांच्या यादीत हे पुस्तक होतं. म्हणजे भित्रे मोठे लोक ही काही आपली मक्तेदारी नाही. फरक इतकाच की तिथे पुस्तक आधी निघालं आणि मग भांडण झालं. आपल्याकडे भांडण लेखकाच्या डोक्यातच होतं आणि पुस्तक तिथेच हरतं.

आता कोणी म्हणेल, मराठी परंपरेत कुठे होता मृत्यूला मज्जाव? ‘श्यामची आई’ आहे की! अगदी बरोबर. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेल्या त्या पुस्तकात कर्ज आहे, घर जाणं आहे, भावंडांचे मृत्यू आहेत, शेवटी आईचाही मृत्यू आहे. पिढ्यान् पिढ्या मुलं ते वाचून ढसाढसा रडली आणि कोणी खचून गेलं नाही. पण त्या पुस्तकातून आपण उचललं काय? दुःख नाही उचललं, सूर उचलला. प्रत्येक प्रसंगाच्या शेवटी शिकवण हवी, ही सवय उचलली. गुरुजींकडे निदान त्या शिकवणीची किंमत मोजणारं आयुष्य होतं. नंतरच्यांनी किंमत वगळून नुसती शिकवण ठेवली.

आणि जे खरं लिहिलं गेलं ते कुठे आहे? मोठ्यांच्या कपाटात. प्रकाश नारायण संतांचा लंपन घ्या. आई-वडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे वाढणारा मुलगा, कानडी वळणाची मराठी बोलणारं त्याचं गाव, सुमीशी असलेली ती नाव नसलेली मैत्री. पहिल्या संग्रहाचं नावच ‘वनवास’ आहे. पुढे या गोष्टींमध्ये वडिलांचा मृत्यू येतो आणि लंपनचं जग एका फटक्यात बदलतं. कोणीही त्याला धडा देत नाही. मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ घ्या. आणीबाणीतली नववी, जोशी, त्याचे मित्र आणि शिरोडकर. शेवटी शिरोडकर तिथे राहिलेलीच नसते. तिचं काय झालं, ती काय म्हणाली असती, यातलं काही जोशीला मिळत नाही, आपल्यालाही नाही. दोन्ही ‘मौज’ची पुस्तकं, ‘वनवास’ १९९४ चं आणि ‘शाळा’ २००४ चं. दोन्ही प्रौढ वाचकांनी डोक्यावर घेतली. चाळिशीचे काका ‘आमचं बालपण आठवलं’ म्हणून डोळे पुसतात.

काकांना डोळे पुसू द्या. पण लंपनच्या वयाचा मुलगा लंपन का वाचत नाही? त्याच्या हातात आपण देतो ‘संस्कारक्षम कथा’. मराठीत बालपणाचं उत्तम साहित्य बालपण संपलेल्यांसाठी निघतं आणि बालपण चालू असलेल्यांना बोध मिळतो, ही वाटणी मला संतापजनक वाटते. (फास्टर फेणेला यात ओढू नका. बन्या कायम तेवढाच राहतो, कायम ‘टॉक्’ करतो, आणि भा. रा. भागवतांनी दुसरं काही कबूलही केलं नव्हतं. साहसकथेने साहस द्यावं. तक्रार आहे ती भावनेचा आव आणून भावना टाळणाऱ्या कथांबद्दल.)

सिनेमावाल्यांना हे जमलं, म्हणजे जमणं शक्य आहे. अविनाश अरुणचा ‘किल्ला’ आठवा. वडील गेलेले, आईची पुण्याहून कोकणात बदली, अकरा वर्षांचा चिन्मय अनोळखी शाळेत. मित्र मिळतात. तेच मित्र भर पावसात त्याला किल्ल्यावर एकटं टाकून निघून जातात. ते दुष्ट नसतात, ते फक्त मुलं असतात. हळूहळू सगळं जुळायला लागतं आणि पुन्हा बदलीची ऑर्डर येते. २०१४ मध्ये बर्लिन महोत्सवाच्या मुलांच्या विभागात या सिनेमाला क्रिस्टल बेअर मिळालं, आणि हे बेअर देणारे तिथले परीक्षक मुलंच असतात. कोकणातल्या सरकारी बदलीची गोष्ट बर्लिनच्या पोरांना कळली. आपल्या प्रकाशकांना मात्र ती ‘मुलांना जड’ वाटते.

‘मुलं आधीच तणावात आहेत, त्यांना आणखी दुःख कशाला?’ हा युक्तिवाद मी इतक्या वेळा ऐकलाय की आता त्याची कीव येते. ज्याच्या फोनवर सकाळी अपघाताचा व्हिडिओ फॉरवर्ड होऊन येतो, त्याला पुस्तकातल्या मृत्यूपासून वाचवायचं म्हणे! व्हिडिओत मृत्यू सोळा सेकंदांचा असतो आणि पुढच्या रीलमध्ये कोणी नाचत असतं. पुस्तकात मित्र गेल्यानंतरचा दुसरा दिवस असतो, तिसरा असतो, शाळेतली हजेरी असते. रीलमध्ये नसतो तो हा वेळ, आणि नेमका तोच आपण काढून घेतोय.

मग मुलं जातात इंग्रजीकडे. जॉन ग्रीनचं ‘द फॉल्ट इन अवर स्टार्स’ वाचून उशीत तोंड खुपसून रडलेली मराठी मुलं-मुली भरपूर आहेत. त्याबद्दल माझी तक्रार नाही, चांगलं वाचणं चांगलंच. पण त्याचा परिणाम असा की दुःख झालं की त्यांना शब्द इंग्रजीत सुचतात. घरात, मित्रांत मराठीत जगणारा पोरगा मैत्रीण गाव सोडून गेल्यावर स्टेटस टाकतो ‘मिस यू’. त्याच्याकडे घरचाच एक शब्द होता, ‘करमत नाही’. आजी वापरते, आई वापरते. ‘मिस यू’मध्ये समोर एक ‘यू’ लागतो. ‘करमत नाही’ला कोणी लागत नाही. ते भिंतींना लागतं, संध्याकाळला लागतं, डब्यातल्या आवडत्या भाजीलाही लागतं. मराठी कुमारकथेत हे वाक्य येतं तेव्हा लेखकाला त्याची इतकी घाई होते की पान उलटायच्या आत नायकाला करमायला लागतं. अहो, नका करमू देऊ त्याला. दहा-वीस पानं राहू द्या तसंच.

अलीकडे दुसरा एक प्रकार सुरू झालाय, त्याचीही मला धास्ती वाटते. ‘विषयाधारित’ पुस्तकं. दुःखावर एक, घटस्फोटावर एक, स्थलांतरावर एक. हेतू चांगला, पण मुलगा हे पात्र राहत नाही, केस होतो. मित्र समुपदेशकासारखा बोलतो : ‘तुझ्या भावना मोकळ्या कर.’ तेरा वर्षांचा कोणता मित्र असं बोलतो? खरा मित्र म्हणतो, ‘चल, क्रिकेट खेळू.’ आणि वडील गेलेल्या मुलाला बॅटिंग आधी देतो, आऊट असला तरी आऊट देत नाही. त्यावरून तो मुलगा भडकतो आणि बॅट फेकून घरी जातो. हे लिहायला निरीक्षण लागतं, बोध पाठ असून चालत नाही.

प्रकाशकांना एक व्यवहाराचं सांगतो. हक्क असणाऱ्यांनी लंपनच्या दोन-तीन गोष्टी सुट्या, चित्रांसकट, मोठ्या टाइपात, मुलाच्या खिशाला परवडेल अशा किमतीत काढून बघाव्यात. मुखपृष्ठावर ‘संस्कार’ हा शब्द नको. पाठीमागे पालकांसाठी मनोगत नको. शाळांनी ती ग्रंथालयात ठेवावी आणि त्यावर प्रश्नपत्रिका काढू नये.

आणि तुमच्यात कोणी लिहिणारं असेल, फोनवर, नोट्स अ‍ॅपमध्ये, कुठेही, तर ती बाकाची गोष्ट लिहा. दिवाळीनंतर रिकामा झालेला बाक. शेजारचा उन्हाळ्यात परत येतो, उंच झालेला, हातावर उसाच्या पात्याचे ओरखडे. पहिल्याने त्याच्यासाठी जागा धरून ठेवलेली असते, पण तो मागच्या बाकावर जाऊन बसतो, त्याच्याबरोबर कारखान्यावर होता त्या मुलाशेजारी. मधल्या सुट्टीत दोघं नळावर समोरासमोर येतात. ‘आलास?’ ‘हं.’ नळ गळत असतो. का बसला तो मागे, हे सांगू नका.