तंबाखूच्या पेठेतील निपाणी

बेळगाव जिल्ह्यातील निपाणी हे पुणे–बंगळूर महामार्गावरचे, महाराष्ट्राच्या हद्दीला खेटलेले बाजारगाव. पेशवाईत निपाणकर देसायांचे ते ठाणे होते. 1839 मध्ये इंग्रजांनी संस्थान खालसा केले. गावाला पैसा मात्र सरदारकीने नव्हे, विडीच्या तंबाखूने दिला. आसपासच्या काळ्या रानातला माल इथल्या वखारींत येतो, चाळला-निवडला जातो आणि दूरच्या विडी कारखान्यांकडे रवाना होतो. शेतकरी मराठी किंवा कन्नड बोलतो, काही व्यापारी घरांत गुजराती चालते, मुस्लिम वस्तीत दख्खनी उर्दू. सौद्याच्या वेळी ज्याला जी जमेल ती भाषा. वखारीतल्या धुळीत राबणाऱ्या बायकांच्या वाट्याला या पैशातले फारच थोडे आले, आणि शेतकऱ्याचा भावही व्यापारीच ठरवत. 1981 मध्ये शेतकरी नेते शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी महामार्ग अडवला. एप्रिलमधील पोलीस गोळीबारात शेतकरी बळी पडले. त्या लढ्यात प्रश्न दराचा होता, भाषेचा नव्हे; महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादाच्या गदारोळात हे सहसा विसरले जाते.

1 नोव्हेंबर 1956 रोजी निपाणी मुंबई राज्यातून म्हैसूर (आजच्या कर्नाटक) राज्यात गेली. सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाने 1967 मध्ये ती महाराष्ट्राला द्यावी, अशी शिफारस केली. अहवाल महाराष्ट्रानेच नाकारला, कारण त्यात बेळगाव महाराष्ट्राला दिलेले नव्हते. 2004 पासून वाद सर्वोच्च न्यायालयात आहे. गावाला लागूनच असलेले देवचंद महाविद्यालय अर्जुननगरात, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यात भरते. निपाणीची मुले शिकायला रोज राज्याची हद्द ओलांडतात.