घरच्या सर्व्हरपर्यंत बाहेरून पोहोचता आले पाहिजे: ब्रॉडबँड ग्राहकांचे मागणीपत्र

प्रति,
राज्यातील सर्व ब्रॉडबँड सेवादाते
प्रत रवाना: दूरसंचार विभाग, भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण

महोदय,

घरात, शाळेत किंवा वाचनालयात स्वतःचा छोटा सर्व्हर चालवणाऱ्या ग्राहकांची आमची संघटना आहे. कुणी रास्पबेरी पायवर वाचनालयाची ग्रंथसूची ठेवली आहे, कुणी जुन्या लॅपटॉपवर गावातल्या पावसाच्या नोंदी. यंत्र आमचे, वीज आमची, माहितीही आमची. जोडणीचे पैसे दरमहा भरतो. तरीही त्या सर्व्हरवरचे पान बाहेरच्या माणसाला उघडत नाही.

याचे मूळ पत्त्यांच्या टंचाईत आहे. इंटरनेटच्या जुन्या आयपीव्ही४ पद्धतीत पत्ते सुमारे ४.३ अब्ज. जागतिक साठ्यातले शेवटचे गट फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून झाले. तेव्हापासून अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवण्याची पद्धत, म्हणजे सीजीनॅट, वाढत गेली. राउटरच्या वॅन पानावर १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यातला पत्ता दिसला, की आपली जोडणी त्यामागे आहे असे समजावे. हा टप्पा २०१२ मध्ये याच कामासाठी राखून ठेवला गेला. मग ८० आणि ४४३ ही पोर्ट राउटरमध्ये कितीही नीट फॉरवर्ड करा. घरच्या वायफायवर पान लगेच उघडते, मोबाइल डेटावरून नुसते चक्र फिरत राहते. बाहेरची विनंती सेवादात्याच्या यंत्रापाशीच अडते, आपल्या राउटरपर्यंत येतच नाही. कस्टमर केअरला फोन केला, तर राउटर बंद करून पुन्हा चालू करायला सांगतात. दोष आपल्याच सेटिंगचा असेल असे समजून माणसे शेवटी नाद सोडून देतात. खरे कारण त्यांना कुणी सांगत नाही, याची आम्हाला सर्वांत जास्त चीड आहे.

म्हणून पहिली मागणी माहितीची: जोडणी सीजीनॅटमागे आहे का आणि कोणती पोर्ट बंद आहेत, हे पैसे घेण्याआधी लेखी सांगावे.

दुसरी, मागेल त्या ग्राहकाला घरगुती प्लॅनवरच सार्वजनिक पत्ता मिळावा आणि त्याचा दर जाहीर असावा. त्यासाठी महागडा व्यावसायिक प्लॅन गळ्यात मारू नये. पत्ता अधूनमधून बदलला तरी चालेल, डायनॅमिक डीएनएस तेवढे सांभाळून घेते.

कायमचा उपाय मात्र आयपीव्ही६ हाच आहे. १२८ बिटांच्या पत्त्यांत वाटेकरी लागतच नाहीत. दूरसंचार विभागाचा पहिला आयपीव्ही६ आराखडा जुलै २०१० चा. इतक्या वर्षांनंतरही आमच्या कित्येक सभासदांकडे ते सुरू नाही. जिथे सुरू आहे तिथे राउटरचा फायरवॉल आत येणारे सारे अडवतो आणि राउटरचा ॲडमिन पासवर्ड सेवादात्याकडेच असतो. आम्हाला प्रत्येक जोडणीवर आयपीव्ही६ हवे, घराला किमान /५६ चा गट हवा, तो राउटर बंद-चालू केल्यावर बदलू नये, आणि फायरवॉलमधले एखादे पोर्ट उघडण्याचा अधिकार ग्राहकाकडे असावा.

सुरक्षिततेचा आक्षेप आम्ही गांभीर्याने घेतो. व्हायरस शिरलेल्या यंत्रांवरून स्पॅम जातो, म्हणून पोर्ट २५ मुळात बंद असण्याला आमची हरकत नाही. बाकीची पोर्टही सुरुवातीला बंद ठेवा. पण ग्राहकाने जबाबदारी घेऊन लेखी मागणी केली, की उघडून द्या.

‘टनेल वापरा’ हा सल्लाही आम्हाला वारंवार मिळतो. अडचणीत तो उपयोगी पडतो, आमचे सभासदही वापरतात. पण मग आमची सारी ये-जा तिसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवरून होते आणि काही सेवांमध्ये एचटीटीपीएसचे कुलूपही तिथेच उघडते. स्वतःची माहिती स्वतःकडे ठेवण्यासाठी घरी सर्व्हर मांडला, त्याचा हेतूच त्यात बाजूला पडतो.

शेवटची मागणी, तक्रार निवारणात पोर्ट, पत्ता आणि आयपीव्ही६ यांसाठी वेगळा प्रकार असावा, आणि अशी तक्रार नेटवर्कचे काम जाणणाऱ्या माणसाकडेच जावी.

या मागण्यांवर आपले लेखी उत्तर तीस दिवसांत मिळावे. कोणती मागणी कधीपासून लागू करणार आणि कोणती अमान्य असल्यास का, हे त्यात स्पष्ट असावे. प्रत्यक्ष चर्चेला, तांत्रिक नोंदी घेऊन, आम्ही केव्हाही येऊ.

आपले,
संघटनेचे सर्व सभासद