घर ठेवावे की काढावे?

घर पाहावे बांधून, असे वाडवडील सांगून गेले. घर विकून पाहावे, असे मात्र कोणी सांगितले नाही. कारण त्या काळी घर विकणे म्हणजे दिवाळे वाजल्याची दवंडीच! आता काळ पालटला. पुण्या-ठाण्याकडच्या मध्यम स्थितीतल्या कुटुंबात एक राहता आणि एक भाड्याने दिलेला असे दोन फ्लॅट असणे नवलाचे राहिलेले नाही. दिवाळीच्या फराळाला जमलेल्या मंडळींत चकली खुसखुशीत झाली की नाही हे बोलून होते न होते, तोच चौरस फुटाचा भाव निघतो.

आमच्या आधीच्या पिढीला भाडेकरू म्हटला की कापरे भरे, ते उगीच नव्हे. १९४७ च्या मुंबईच्या भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० चे भाडे प्रमाण मानले, आणि पुष्कळ मालक पुढे पन्नास वर्षे कौले शाकारण्यालाही न पुरणारे भाडे मोजून घेत बसले. ३१ मार्च २००० पासून नवा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा लागू झाला. त्यात ‘लीव्ह अँड लायसन्स’चा करार लेखी आणि नोंदलेला असला पाहिजे. मुदत संपूनही जागा सोडली नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते आणि तोवरची रक्कम दुपटीने मागता येते. भीती ओसरली आणि घराघरांत नवा विचार शिरला: कर्ज काढून दुसरे घर घ्यावे आणि ते भाड्याने द्यावे.

हिंजवडीला नोकरीत असलेला माझा भाचा मध्यंतरी असाच उत्साहाने आला. “मामा, हप्ता आपण कुठे भरायचा? भाडेकरूच फेडील!”

मी कागद-पेन्सिल पुढे ओढली. फ्लॅट ६० लाखांचा. या किमतीच्या घराला बँक ८० टक्क्यांपर्यंतच कर्ज देते, म्हणजे ४८ लाख. उरलेले १२ लाख, शिवाय पुण्यात ७ टक्के मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचे ३० हजार मिळून साडेसोळा लाख खिशातून. व्याज साडेआठ टक्के आणि मुदत २० वर्षे धरली, तर हप्ता येतो सुमारे ४१,७०० रुपये. भाडे येणार २२ हजार. त्यातून सोसायटीचे ३ हजार वजा करा. दरमहा बावीस-तेवीस हजारांची भर पदरची! पहिल्या वर्षाचे नुसते व्याजच ४ लाखांवर जाते आणि वर्षाचे भाडे भरते २ लाख ६४ हजार. भाडेकरू हप्ता फेडत नाही, व्याजसुद्धा पुरते फेडत नाही.

“पण करात सवलत आहे ना?” भाच्याने विचारले. आहे, पण पूर्वीची राहिली नाही. भाड्यातून मालमत्ता कर वजा जातो, दुरुस्तीपोटी ३० टक्के सरसकट सूट मिळते आणि व्याजही वजा होते. यातून निघणारा तोटा पगारातून वजा करायला २०१७ च्या अर्थसंकल्पाने वर्षाला २ लाखांची मर्यादा घातली. आणि जो नवी करपद्धती पत्करतो, त्याला तो पगारातून मुळीच वजा करता येत नाही. भाचा नव्या पद्धतीतला!

मी त्याला ‘घेऊ नकोस’ म्हटले नाही. भाडेकरू नसताना सहा महिने पुरा हप्ता भरण्याइतकी शिल्लक बँकेत असेल आणि दहा वर्षे तरी विकण्याची घाई नसेल, तर घ्यावे. बदलत्या दराच्या गृहकर्जाची मुदतीआधी फेड केली, तर व्यक्तीला दंड पडत नाही. तेव्हा बोनसचे पैसे मोटार बदलण्यात न घालवता मुद्दलात भरावे. एवढे बोलून मी त्याला कोथरूडच्या ताईची गोष्ट सांगितली. ती त्याला ठाऊक होती, हिशेब ठाऊक नव्हता.

ताई म्हणजे माझी मावसबहीण. यजमान गेल्याला सहा वर्षे झाली. दोघांनी २००४ साली सगळा खर्च धरून १२ लाखांना घेतलेला दुसरा फ्लॅट तिच्या एकटीच्या नावावर आहे. आज त्याला ९५ लाखांचे गिऱ्हाईक आहे. भाडे २४ हजार. सोसायटी, मालमत्ता कर, रंगसफेदी, मधला एखादा मोकळा महिना वजा जाता हाती पावणेदोन-दोन लाख राहतात, म्हणजे आजच्या किमतीवर जेमतेम २ टक्के. मुलगा म्हणतो, “आई, हे काढू या आणि बाणेरला मोठे घर घेऊ. तूही तिथेच राहा.” घर मुलाच्या आणि सुनेच्या नावावर होणार होते.

नुसत्या हिशेबाने पाहिले, तर मुलाचे चुकत नव्हते. २ टक्क्यांसाठी ९५ लाख अडकवून ठेवावेत कशाला? पण कराचा हिशेब मी मांडला. जुलै २०२४ पासून घराच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे, महागाईची वजावट न धरता. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घराला वजावट धरून २० टक्क्यांचा जुना हिशेबही लावता येतो आणि कमी असेल तो भरता येतो. ताईच्या बाबतीत नवाच हलका निघाला. तरी ८३ लाखांच्या नफ्यावर अधिभार आणि उपकर धरून सुमारे १२ लाखांचा कर! दोघांनी मिळून घर घेतले त्या किमतीएवढा.

नफा नव्या घरात गुंतवला, तर हा कर वाचतो. विकण्याच्या आधी एक वर्षात किंवा नंतर दोन वर्षांत घर घ्यावे लागते; तोवर पैसा भांडवली नफ्याच्या खास खात्यात ठेवावा लागतो. पण ज्याचे घर विकले, त्याच्या नावावर नवे घर हवे. मुलाला पैसे देऊन टाकले, तर घर मुलाचे आणि कर आईचा.

ताईने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, “कराचे राहू दे. ते २४ हजार येतात ना, त्यात माझे औषध होते, मोलकरणीचा पगार होतो, नातीला काही घेताना कोणाला विचारावे लागत नाही. ते बंद झाले की मी मागायचे का?”

यावर माझ्या कागदावर आकडा नव्हता. मी एवढेच सुचवले: नव्या घरात तिने घातलेल्या पैशाइतका हिस्सा तिच्या नावे खरेदीखतात लिहावा, आणि विक्रीतले १२ लाख, मूळ किमतीचे, ज्यांवर कर नाही, ते तिच्या एकटीच्या नावे व्याजावर ठेवावेत. त्या व्याजातून २४ हजार निघणार नाहीत. सहा-साडेसहा हजार निघतील. उरलेले मुलाने पहिल्या तारखेला, न मागता, तिच्या खात्यात भरावेत.

मुलगा दोन दिवस गप्प होता. सून म्हणाली, “हे आधीच ठरायला हवे होते.” बाणेरच्या घराच्या कागदांवर आता तीन नावे येणार आहेत. कोथरूडच्या भाडेकरूचा करार फेब्रुवारीत संपतो. तोवर गिऱ्हाईक थांबले, तर सौदा होईल. नाही थांबले, तर ताई करार आणखी ११ महिन्यांनी वाढवणार आहे, आणि भाडे २५ हजार मागणार आहे.