आवाज वाढला, ताकद किती वाढली?

वेगवान सेडान गाड्या भारतीय रस्त्यांवर संख्येने कमी असल्या, तरी त्यांच्याभोवतीची हौस वाढती आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये स्कोडाने ऑक्टेव्हिया आरएसच्या अवघ्या १०० गाड्या भारतात आणल्या. किंमत ५० लाख रुपयांच्या घरात असूनही त्या सगळ्या विकल्या गेल्या. त्याहून बऱ्याच कमी किमतीत, दीड लिटरचे आणि १५० अश्वशक्तीचे टर्बो पेट्रोल इंजिन असलेल्या फोक्सवॅगन व्हर्टस व स्कोडा स्लाव्हिया या गाड्यांनी हाच शौक मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणला. गाडी दारात आली, की काही दिवसांतच तिचा आवाज 'मिळमिळीत' वाटू लागतो आणि मूळ एक्झॉस्ट यंत्रणा बदलण्याचा विचार सुरू होतो. ही निवड केवळ आवडीनिवडीची नाही. तिचा संबंध इंजिनाशी आणि कायद्याशी आहे, तसाच शेजाऱ्यांच्या झोपेशीही आहे.

एक्झॉस्ट यंत्रणेचे ढोबळमानाने तीन भाग पडतात. टर्बोला लागून असलेला पहिला पाइप म्हणजे डाउनपाइप. विषारी वायू निष्प्रभ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बहुधा याच भागात असतो. मधल्या भागात घुमणारा आवाज शोषणारा रेझोनेटर आणि शेवटी सायलेन्सर. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक 'स्पोर्ट्स' यंत्रणा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या मागचा भाग बदलतात. त्यांना 'कॅट-बॅक' म्हणतात. फक्त मागचा सायलेन्सर बदलणाऱ्या यंत्रणेला 'अ‍ॅक्सल-बॅक' असे नाव आहे.

ग्राहकाची पहिली फसगत होते ती ताकदीच्या आकड्यांत. आधुनिक टर्बो इंजिनात हवेचा दाब संगणक ठरवतो आणि एक्झॉस्टमधील मोठा अडथळा टर्बोच्या अगदी जवळ असतो. त्यामुळे केवळ मागचे पाइप बदलून मिळणारी वाढ थोडक्या अश्वशक्तीची असते. रोजच्या वापरात ती जाणवतही नाही. बदलतो तो मुख्यतः आवाज. ताकद खऱ्या अर्थाने वाढवायची, तर डाउनपाइप आणि इंजिनाचे सॉफ्टवेअर दोन्ही बदलावे लागतात. आणि नेमके तिथेच प्रदूषण नियंत्रणाचे उपकरण बसलेले असते.

अनेक गॅरेजांत कन्व्हर्टर सरळ काढून टाकण्याचा सल्ला दिला जातो. प्लॅटिनम, पॅलॅडियम व ऱ्होडियम या धातूंच्या साहाय्याने हे उपकरण कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड यांचे रूपांतर कमी घातक वायूंत करते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेली 'बीएस-६' मानके त्याशिवाय पाळताच येत नाहीत. कन्व्हर्टरच्या आधी व नंतर संवेदक असतात. उपकरण काढले, की दुसरा संवेदक तक्रार करतो आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. मग तो दिवा विझवण्यासाठी सॉफ्टवेअरलाच फसवले जाते. बाहेर पडणारे विष तेवढेच राहते; फक्त त्याची सूचना बंद होते. 'हाय-फ्लो' कन्व्हर्टर हा मधला मार्ग म्हणून विकला जातो. पण त्यातील मार्ग मोकळे करताना रासायनिक क्रियेसाठी लागणारा पृष्ठभाग कमी होतो, हे विक्रेता क्वचितच सांगतो.

आता आवाजाचा भाग. नऊपर्यंत आसने असलेल्या प्रवासी मोटारीसाठी भारतात २००५ पासून ७४ डेसिबलची मर्यादा आहे. उत्पादकाला ती ठरावीक चाचणीत सिद्ध करावी लागते. डेसिबलचे गणित सरळ बेरजेचे नाही. तीन डेसिबल वाढले, की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. दहा वाढले, की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, हे लक्षात घेतले म्हणजे मध्यरात्री सोसायटीत शिरणारी एक गाडी किती घरांना जागे करू शकते, याचा अंदाज येतो.

कायद्याची भूमिका कठोर आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) नुसार ध्वनी व वायुप्रदूषणाची मानके मोडणारे वाहन चालवल्यास पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय तीन महिने परवानाही गमवावा लागतो. २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १८२-अ विनापरवाना फेरफार करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही सुचवते. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरतील असा बदल करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. प्रमाणपत्रात सायलेन्सरचा उल्लेख नसतो, हा विक्रेत्यांचा आवडता युक्तिवाद आहे. मात्र ध्वनिमर्यादेच्या कलमापुढे तो टिकत नाही.

तरीही आजच्या व्यवस्थेत एक उणीव आहे. युरोपात बदली सायलेन्सरसाठी संयुक्त राष्ट्रांच्या चौकटीतील ५९ क्रमांकाचा नियम आहे. ठरावीक मॉडेलसाठी चाचणी उत्तीर्ण झालेल्या यंत्रणेवर मान्यतेचे चिन्ह कोरलेले असते. भारतीय ग्राहकाला पोलिसापुढे दाखवता येईल असे चिन्ह येथील बाजारात रूढ नाही आणि परदेशी चिन्ह येथे परवाना ठरत नाही. परिणामी जबाबदारीने बनवलेली यंत्रणा आणि रस्त्याकडेला वेल्डिंग करून जोडलेला सरळ पाइप एकाच मापाने मोजले जातात. बुलेटचे सायलेन्सर रोलरखाली चिरडण्याची कारवाई राज्यात अनेक ठिकाणी झाली. तिचा धाक बसतो, पण योग्य-अयोग्य यांतला फरक तिने ठरत नाही.

वास्तविक कलम ५२ मध्ये २०१९ साली केलेल्या दुरुस्तीने केंद्राला अशा बदलांसाठी निकष व मान्यतेच्या अटी ठरवण्याचा अधिकार दिला आहे. त्या अटींनुसार केलेल्या बदलामुळे वॉरंटी रद्द मानता येणार नाही, असेही त्यात म्हटले आहे. सीएनजी संचांना मान्यता देण्याची पद्धत देशात रुळली आहे आणि वाहन चाचणीसाठी पुण्यात एआरएआयसारखी संस्था आहे. सायलेन्सरसाठी तोच मार्ग खुला करणे अशक्य नाही.

तोपर्यंत शहाणपणाची निवड म्हणजे मूळ यंत्रणा कायम ठेवणे. मान्यतेची सोय झाली, तरी ग्राहकाने काही गोष्टी तपासायलाच हव्यात. कन्व्हर्टरला हात लागलेला नसावा, रेझोनेटर शाबूत असावा, पाइप वळणावर चेपलेले नसावेत आणि पावसाळी, दमट हवेत टिकणारे उत्तम प्रतीचे स्टेनलेस स्टील असावे. रेझोनेटर नसेल, तर महामार्गावर दोन ते तीन हजार फेऱ्यांच्या दरम्यान गाडीत सतत घुमणारा आवाज लांबच्या प्रवासात मालकालाच नकोसा होतो. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल दाव्याच्या वेळी वादाचे कारण ठरू शकतो. हा सगळा खर्च आणि धोका पत्करून हाती काय येते, याचा हिशेब पाइप बदलण्यापूर्वी मांडलेला बरा.