मँचेस्टर युनायटेडची टीम नव्याने कशी बांधायची? ईएमआय, एक्सजी आणि वेळेवरचा नकार

27 ऑगस्ट 2025 ला लीग कपमध्ये ग्रिम्स्बी टाउनने मँचेस्टर युनायटेडला बाहेर काढलं. मॅच 2-2, पेनल्टी शूटआऊट 12-11. ग्रिम्स्बी तेव्हा खेळत होता इंग्लंडच्या चौथ्या डिव्हिजनमध्ये. आणि शेवटची पेनल्टी क्रॉसबारवर मारणारा ब्रायन एम्बुमो म्हणजे त्याच उन्हाळ्यात 6.5 कोटी पौंडांना घेतलेला खेळाडू.

2024-25 सीझनचा हिशेब तर सगळ्यांना पाठ आहे. 38 मॅच, 42 पॉइंट, नंबर 15वा. मारलेले गोल 44, खाल्लेले 54. युरोपा लीगची फायनल टॉटनहॅमकडून 1-0 हरले, त्यामुळे 2025-26 मध्ये युरोपातल्या मॅचेस नव्हत्या आणि त्यातून येणारा पैसाही नव्हता.

कुठलाही फॅन म्हणेल, मग घ्या ना चांगले प्लेअर! पण युनायटेडला पैशांची अडचण कधीच नव्हती. घोळ आहे खरेदीच्या पद्धतीत.

फुटबॉल क्लब खेळाडूची किंमत वहीत कशी लिहितो, ते आधी बघू. फोन ईएमआयवर घेतल्यासारखंच आहे. 2022 मध्ये युनायटेडने आयॅक्सकडून अँटनीला सुमारे 9.5 कोटी युरोला घेतलं. करार पाच वर्षांचा. म्हणजे हिशेबात दरवर्षी 1.9 कोटी युरो खर्च. तीन वर्षांनी, ढोबळ हिशेबाने, अजून 3.8 कोटी 'फिटायचे' होते, आणि सप्टेंबर 2025 मध्ये तो रेआल बेतिसला गेला साधारण 2.2 कोटीला. उरलेला फरक थेट तोटा. 2025 मध्ये प्रीमियर लीगचा नियम असा होता की तीन वर्षांत मिळून 10.5 कोटी पौंडांपेक्षा जास्त तोटा दाखवता येत नव्हता (काही खर्च वगळून). त्यामुळे एक चुकीची खरेदी पुढच्या दोन-तीन खरेद्या अडवून ठेवायची. फोन हँग होतोय, पण हप्ते चालूच!

याच नियमाची दुसरी बाजू जास्त वाईट. अकॅडमीतून आलेल्या पोराची वहीतली किंमत शून्य. तो विकला की सगळी रक्कम नफा. स्कॉट मॅकटॉमिनेला 2024 मध्ये नापोलीला विकलं ते अशाच हिशेबात बसलं. पुढच्याच सीझनला नापोली इटलीचा चॅम्पियन आणि मॅकटॉमिने लीगचा सर्वोत्तम खेळाडू. एक्सेल शीट मात्र खूश.

आता अँटनी आला कसा? एरिक टेन हाग आयॅक्सचे कोच होते, म्हणून. लिसांड्रो मार्टिनेझ आणि ओनानासुद्धा त्यांच्याच जुन्या टीमचे. 2013 मध्ये फर्ग्युसन गेल्यापासून युनायटेडमध्ये हेच चाललंय. कोच येतो, आपली माणसं घेतो, जातो. माणसं राहतात. मग रुबेन अमोरिम आले 3-4-3 घेऊन, ज्यात कडेने पळणाऱ्या पारंपरिक विंगरला जागाच नाही. म्हणजे अँड्रॉइडसाठी घेतलेली अ‍ॅप्स आयफोनवर चालवायची. रॅशफर्ड, गार्नाचो, अँटनी, सँचो असे चौघे एकाच उन्हाळ्यात बाहेर गेले, त्यात या सिस्टिम बदलाचा वाटा मोठा आहे.

ब्रायटन आणि ब्रेंटफर्डकडे बघा. दोन्ही क्लबचे मालक, टोनी ब्लूम आणि मॅथ्यू बेनहॅम, बेटिंगच्या आकडेमोडीतून पुढे आलेले. तिथे कोच बदलला तरी खेळाडू निवडायची पद्धत बदलत नाही. ब्रायटनने काइसेडोला 50 लाख पौंडांच्या आत घेतलं आणि 2023 मध्ये चेल्सीला 10 कोटींवर विकलं. एम्बुमो ब्रेंटफर्डला पडला होता साधारण 60 लाखांना.

यात एक्सजी म्हणजे काय? एखाद्या जागेवरून, तशाच स्थितीत मारलेल्या हजारो शॉट्सपैकी किती गोल झाले, त्यावरून प्रत्येक शॉटला 0 ते 1 असा आकडा मिळतो. पेनल्टीचा जवळपास 0.78. गोल नशिबानेही होतात. चांगल्या संधी सतत मिळवणं हे जास्त टिकाऊ असतं. एम्बुमोने 2024-25 सीझनला लीगमध्ये 20 गोल मारले, कुन्याने 15. दोघांचेही गोल एक्सजीपेक्षा बरेच जास्त. खेळाडू उत्तमच आहेत, पण भाव सर्वात वर असताना शेअर घ्यावा तशी ही खरेदी झाली, असं मला वाटतं. डेटाचं काम नुसते हिरे शोधणं नाही. कोच हट्ट धरून बसला असताना 'या भावात नको' म्हणणं हे त्याचं जास्त मोठं काम.

गोलकीपरच्या बाबतीत 2025 मध्ये तसं काहीसं दिसलं. तिशी ओलांडलेल्या एमिलियानो मार्टिनेझची चर्चा जोरात होती, पण क्लबने अँटवर्पचा 23 वर्षांचा सेने लामेन्स घेतला, सुमारे 1.8 कोटी पौंडांना. चालेल की नाही हा वेगळा प्रश्न, पण ही निवड वय आणि किंमत बघून केलेली होती.

मग मिडफिल्डचं काय? 2025 च्या उन्हाळ्यात कुन्या, एम्बुमो, शेश्को या तिघांवर मिळून जवळपास 20 कोटी पौंड गेले आणि मिडफिल्डमध्ये एकही नवा माणूस आला नाही. कासेमिरो तेव्हा 33 वर्षांचा. ब्रूनो फर्नांडिस सप्टेंबर 2025 मध्ये 31 चा झाला, आणि अमोरिम यांच्या 3-4-3 मध्ये मधे दोघंच असल्याने त्याला खाली येऊन धावावं लागत होतं. बॉल पुढे पोचणारच नसेल तर शेश्को करणार काय? मी असतो तर एक फॉरवर्ड कमी घेतला असता.

जानेवारी 2026 मध्ये विंडो पुन्हा उघडणार होती. तेव्हा खरी परीक्षा कोबी माइनूची होती. 2025 मध्ये वीस वर्षांचा, अकॅडमीचा, आणि तेव्हा बेंचवर. 2024 च्या एफए कप फायनलमध्ये सिटीविरुद्ध युनायटेडचे दोन्ही गोल गार्नाचो आणि माइनू या पोरांनी मारले होते. गार्नाचो 4 कोटी पौंडांना चेल्सीला गेलासुद्धा. माइनूची वहीतली किंमत शून्य आहे, म्हणजे त्याला विकायचा मोह सर्वात मोठा. तो विकून आणखी एक तिशीतला मिडफिल्डर आणला, तर मॅकटॉमिनेचीच पुनरावृत्ती. त्याला ठेवा, त्याच्या शेजारी बावीस-तेवीस वर्षांचा, भरपूर धावणारा एक जण आणा, आणि त्यासाठी बेंचवरचा एखादा महागडा फॉरवर्ड तोट्यात गेला तरी जाऊ द्या.