बंगळूरला जाताय? आधी भाग ठरवा, मग हॉटेल

सुट्टीत चार दिवस बंगळूरला जायचं ठरलं, की घरात पहिला प्रश्न निघतो तो भाड्याचा. स्वस्तात कुठे मिळेल? प्रश्न रास्त आहे. पण बंगळूरपुरता तो थोडा मागे ठेवा. आधी हे ठरवा, की तुम्हाला तिथे बघायचं काय आहे आणि भेटायचं कुणाला आहे.

हे शहर फार पसरलेलं आहे आणि इथली वाहतूक कुणाची भीड ठेवत नाही. विमानतळ उत्तरेला देवनहळ्ळीला, रेल्वे स्टेशनपासून तीस-पस्तीस किलोमीटर दूर. इलेक्ट्रॉनिक सिटी पार दक्षिणेला. व्हाईटफील्ड पूर्वेला. तिन्हीकडे हॉटेलं भरपूर आहेत आणि पत्त्यात सगळीच ‘बंगळूर’ लिहितात. फोटोत खोली छान दिसते, भाडं कमी दिसतं, आणि आपण पैसे भरून मोकळे होतो. लालबाग तिथून किती लांब आहे, ते तिथे पोचल्यावर कळतं.

जरा हिशेब मांडा. समजा, विमानतळाजवळची खोली 1,800 रुपयांना आहे आणि शहरातली 2,500 ला. दिवसाला 700 वाचले असं वाटतं. पण रोज टॅक्सीनं शहरात जाऊन परत यायचं तर हजाराच्या वर सहज जातात. शिवाय तीन-चार तास गाडीत. मुलं कंटाळतात, म्हाताऱ्या माणसांचे पाय सुजतात आणि दुपारनंतर कुणालाच काही बघायचं राहत नाही. तेव्हा खोलीचं भाडं कधीच एकटं बघू नका. त्यात जाण्यायेण्याचा खर्च आणि वेळ धरा, मग कुठलं स्वस्त ते ठरवा.

आता कागद घ्या. बघायच्या जागा एकाखाली एक लिहा. लालबाग, कब्बन पार्क, विधानसौध, विश्वेश्वरय्या म्युझियम, टिपूचा उन्हाळी महाल, बसवनगुडीचा नंदी, इस्कॉनचं मंदिर. ही नेहमीची यादी. यातलं बहुतेक सगळं शहराच्या मध्यभागी किंवा जुन्या भागात आहे. आणि यातल्या पुष्कळ जागांच्या जवळ मेट्रो जाते.

म्हणून साधा नियम ठेवा. हॉटेल मेट्रोच्या जांभळ्या किंवा हिरव्या मार्गावरच्या स्टेशनपासून चालत जाता येईल असं घ्या. दोन्ही मार्ग मॅजेस्टिकला एकमेकांना मिळतात. हिरव्या मार्गावर लालबागचं स्वतःचं स्टेशन आहे. जांभळ्या मार्गावर कब्बन पार्क आणि विधानसौध आहे. मेट्रोजवळ राहिलात तर रिक्षावाल्याशी घासाघीस नाही आणि संध्याकाळच्या कोंडीत अडकणंही नाही. विमानतळापर्यंत मात्र मेट्रो अजून पोचलेली नाही. तिथून शहरात यायला ‘वायू वज्र’ बस आहेत. सामान कमी असेल तर टॅक्सीपेक्षा त्या परवडतात.

जाहिरातीतल्या ‘मेट्रोपासून पाच मिनिटं’ या वाक्यावर विसंबू नका. ती पाच मिनिटं गाडीची असू शकतात. मोबाइलच्या नकाशात हॉटेल शोधा, स्टेशन शोधा आणि पायी अंतर बघा. मध्ये मोठा रस्ता ओलांडायचा असेल तर आजीला घेऊन ते जमेल का, याचाही विचार करा.

कुठला भाग कुणाला बरा, तेही सांगतो.

रेल्वेनं किंवा एस.टी.नं येणार असाल आणि मुक्काम एक-दोन रात्रींचाच असेल, तर मॅजेस्टिक आणि गांधीनगर सोयीचे. स्टेशन, बस स्टँड, मेट्रो सगळं हाताशी. लॉज सगळ्या भावाची मिळतात. पण भाग गजबजलेला आहे. रस्त्याकडची खोली घेतलीत तर रात्रभर हॉर्न ऐकाल. मागच्या बाजूची मागा.

घरातली मोठी माणसं सोबत असतील तर मल्लेश्वरम, बसवनगुडी, जयनगर बघा. जुन्या वस्त्या, झाडं, देवळं, सकाळी फिरायला जागा. मल्लेश्वरममधलं काडू मल्लेश्वराचं देऊळ व्यंकोजीराजे भोसल्यांनी, म्हणजे शिवाजी महाराजांच्या सावत्र भावानं बांधलं असं मानतात. मराठी माणसानं ते चुकवू नये.

इंदिरानगर, कोरमंगला, चर्च स्ट्रीट हे भाग तरुणांना आवडतात. खाण्यापिण्याची चंगळ आहे. पण शुक्रवार-शनिवारी रात्री तिथे उशिरापर्यंत गोंगाट असतो. लहान मूल सोबत असेल तर तिथली खोली टाळा.

आणि तुमचा मुलगा किंवा लेक तिथे नोकरीला असेल, तर त्यांच्या घराजवळ राहणंच शहाणपणाचं. मग प्रेक्षणीय जागा लांब पडल्या तरी चालतील. तुम्ही खरं तर त्यांनाच भेटायला चाललाय.

आता वाराचं बघा. लोणावळ्याला, महाबळेश्वरला शनिवार-रविवारी भाव चढतात. बंगळूर हे कामाचं शहर आहे. इथे कंपन्यांच्या कामासाठी येणारी माणसं सोमवार ते गुरुवार खोल्या अडवतात. त्यामुळे ऑफिसांच्या भागातल्या बऱ्याच हॉटेलांत शनिवार-रविवारी भाडं उतरतं. तारखा थोड्या पुढेमागे करून भाव बघा. फरक पडतो.

काही दिवस मात्र महागच. 26 जानेवारी आणि 15 ऑगस्टच्या सुमारास लालबागेत फुलांचं प्रदर्शन भरतं. एक वर्षाआड फेब्रुवारीत येलहंक्याला विमानांचं मोठं प्रदर्शन असतं. तेव्हा त्या भागात खोली मिळणं कठीण. अशा वेळी जायचं असेल तर बुकिंग लवकर करा.

मग येते वेळ. मुंबई-पुण्याकडून उद्यान एक्सप्रेस सकाळी पोचते. मिरजेकडून राणी चन्नम्माही सकाळीच. रात्रीच्या बसही पहाटे येऊन टेकतात. हॉटेल मात्र खोली देतं दुपारी बारानंतर, कुठे कुठे दोननंतर. मधले पाच-सहा तास सामान आणि पोरं घेऊन बसणार कुठे?

याला तीन उपाय आहेत. पहिला, 24 तासांचा हिशेब असलेलं लॉज शोधा. सकाळी सातला आलात तर दुसऱ्या दिवशी सातपर्यंत खोली तुमची. दुसरा, हॉटेलला आधी फोन करून ‘आम्ही सकाळी येतोय, लवकर खोली द्याल का, जास्तीचे किती घ्याल’ हे विचारा. तिसरा, कन्फर्म तिकीट असेल तर स्टेशनवरची रिटायरिंग रूम बघा. आयआरसीटीसीवर तिचं बुकिंग होतं. आंघोळ उरकून, आवरून तुम्ही थेट फिरायला निघू शकता.

बुकिंगच्या आधी हॉटेलला फोन नक्की करा. ॲपवरून बुकिंग करणार असाल तरी करा. पाच मिनिटं लागतात. हे प्रश्न विचारा:

सांगितलेलं भाडं करासह आहे का? 22 सप्टेंबर 2025 पासून रात्रीच्या 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी 5 टक्के आहे. आधी तो 12 टक्के होता. त्याहून महाग खोलीवर 18 टक्के. कुणी जुना दर लावत असेल तर हटका.

तिसऱ्या माणसाचे किती? मुलाचे वय किती असेल तर पैसे लागतात? जास्तीची गादी मिळेल की मोठा पलंग?

लिफ्ट आहे का? संडास कमोडचा आहे का? गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी हे दोन प्रश्न एसीपेक्षा महत्त्वाचे आहेत.

गरम पाणी किती ते किती? बंगळूरला सौर बंब पुष्कळ. ढगाळ दिवशी पाणी कोमटच येतं. गीझर आहे का ते विचारा. उन्हाळ्यात जाणार असाल तर पाण्याचीही चौकशी करा. 2024 च्या उन्हाळ्यात शहरात पाण्याची मोठी टंचाई झाली होती. कूपनलिका आटल्या, टँकर महागले.

एसीचे जास्तीचे पैसे भरण्याआधी थांबा. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवर आहे. मार्च-एप्रिल-मे सोडले तर रात्री पंखाही मंद करावा लागतो. डिसेंबर-जानेवारीत तर पांघरूण लागतं. पंख्याची खोली घ्या आणि उरलेले पैसे खाण्यावर खर्च करा. खिडकीला डासांची जाळी मात्र हवीच.

‘नाश्त्यासह’ या शब्दालाही भुलू नका. नाश्त्याविना भाडं किती, ते विचारा. बंगळूरला नाश्त्याची मजा बाहेर आहे. लालबागेजवळचं एमटीआर 1924 पासून चालू आहे. गांधी बाजारातलं विद्यार्थी भवन 1943 चं. तिथला डोसा खायचा आणि वर कॉफी घ्यायची, की दुपारपर्यंत बघायला नको. फक्त सुट्टीचा वार बघून जा. एमटीआर सोमवारी बंद असतं, विद्यार्थी भवन शुक्रवारी. बन्नेरघट्टाचं प्राणिसंग्रहालय मंगळवारी बंद असतं, तेही याच कागदावर लिहून ठेवा.

आता पैशांचं सांभाळा. हॉटेलच्या नावानं खोटी वेबसाइट काढून ॲडव्हान्स उकळणारे फार झालेत. एप्रिल 2025 मध्ये केंद्रीय गृह खात्याच्या सायबर विभागानं याबद्दल लोकांना सावध केलं होतं. पाहिलेला पहिलाच नंबर लावू नका. हॉटेलचा नंबर दोन ठिकाणी ताडून बघा. ‘आत्ता लगेच भरा, नाहीतर खोली जाईल’ असं कुणी म्हणालं, की फोन ठेवा. कुणाच्या वैयक्तिक खात्यावर पूर्ण भाडं आगाऊ पाठवू नका. फसगत झालीच तर लाजू नका, लगेच 1930 वर फोन करा. जितकं लवकर कळवाल तितकी पैसे अडवले जाण्याची आशा जास्त.

ॲपवरून बुकिंग झालं, की दुसऱ्या दिवशी पुन्हा हॉटेलला फोन करा. नाव, तारीख, माणसं किती ते सांगा आणि बुकिंग पोचलंय का विचारा. रद्द केलं तर पैसे परत मिळतील का आणि कधीपर्यंत, तेही विचारून घ्या. मेसेजचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. तिथे नेट चाललं नाही तर तोच कामी येतो.

ओळखपत्र प्रत्येक मोठ्या माणसाचं हवं. आधार द्यायचं असेल तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार काढून ठेवा. वाहन परवाना किंवा मतदार कार्डही चालतं. आणखी एक. तुमच्या मुलाच्या आधारवर बंगळूरचाच पत्ता असेल आणि तोही तुमच्यासोबत हॉटेलात राहणार असेल, तर आधी सांगून ठेवा. काही हॉटेलं त्याच शहराचा पत्ता असलेल्या माणसाला खोली देत नाहीत. रात्री दहा वाजता काउंटरवर वाद घालण्यापेक्षा हे आधी मिटलेलं बरं.

हॉटेलवर पोचलात, की लगेच सही करू नका. सामान खालीच ठेवा. घरातलं एक माणूस वर जाऊन खोली बघून येऊ द्या.

नळ सोडा. फ्लश ओढा. दार आतून लावून बघा, कडी घट्ट बसते का. चादरीचं टोक उचला आणि गादीची शिवण बघा. काळे ठिपके दिसले तर ढेकूण आहेत. दुसरी खोली मागा. उशीचा वास घ्या. खिडकी उघडा. ती समोरच्या इमारतीच्या भिंतीवर उघडत असेल तर दिवसाही दिवा लावून बसावं लागेल. नावडलं तर गोडीनं सांगा. सही करण्याआधी बहुतेक लोक खोली बदलून देतात. सही झाल्यावर तोंडं बदलतात.

आणि जिना बघा. लिफ्टनं वर गेलात तरी जिन्यानं खाली या. दरवाजा उघडा आहे ना, वाटेत गाद्या, खोकी रचलेली नाहीत ना, ते बघा. 23 फेब्रुवारी 2010 ला बंगळूरच्या कार्लटन टॉवर या ऑफिसांच्या इमारतीला आग लागली. 9 माणसं गेली. बाहेर पडायच्या वाटा बंद असल्याचं नंतर समोर आलं. जिना बंद असेल तर ते हॉटेल कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका.

निघताना बिल नीट वाचा. न मागवलेली पाण्याची बाटली, न खाल्लेला नाश्ता त्यात आलाय का बघा. जेवणाच्या बिलात ‘सर्व्हिस चार्ज’ आपोआप लावता येत नाही. 2022 मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं तसं सांगितलं आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ते उचलून धरलं. शांतपणे काढायला सांगा. ऐकलं नाही तर 1915 हा ग्राहकांसाठीचा फोन आहे. पोऱ्यानं मनापासून केलं असेल, तर टीप मात्र त्याच्या हातात द्या.

एवढं सगळं करायला एक संध्याकाळ पुरते. आज रात्री जेवण झालं, की घरातल्या सगळ्यांना बसवा. कुणाला काय बघायचंय ते लिहा, नकाशात त्या जागा शोधा आणि जवळचं मेट्रो स्टेशन ठरवा. त्या स्टेशनजवळची तीन हॉटेलं निवडा. उद्या तिघांनाही फोन करा. जो माणूस तुमच्या प्रश्नांना न वैतागता सरळ उत्तरं देईल, त्याच्याकडे खोली घ्या.